रात्रीची भाकर, पहाटेचा बार

पहाटे साडेचारला उठतो आणि पावणेसहाला जिममध्ये बारला, म्हणजे वजनं लावायच्या लोखंडी दांड्याला हात लावतो. मधल्या वेळात पोटात फक्त पाणी जातं, तांब्याभर, चिमूटभर मीठ टाकून. चहासुद्धा नाही. आठवड्यातून चार दिवस, तीन वर्षं झाली. आडतीवर शेतकरी विचारतात, 'मुनीम, उपाशीपोटी एवढं वजन उचलता, चक्कर येत नाही का?' मला एकदा आली होती. त्या दिवसापासून जे शिकलो ते सांगावंसं वाटतं, कारण आता आमच्या गल्लीतली तीन-चार पोरं माझं बघून पहाटे जिमला यायला लागलीत आणि त्यांची मला काळजी वाटते.

मी लातूरच्या मार्केट यार्डात मुनीम आहे. दिवसभर पट्ट्या लिहायच्या, तोलाई-हमालीचे आकडे लावायचे. सोयाबीनच्या हंगामात तर गादीवरून उठायलाही सवड मिळत नाही. आमचे आण्णा याच यार्डात बत्तीस वर्षं हमाल होते. आता पन्नास किलोचा कट्टा असतो, त्यांच्या वेळी क्विंटलचं पोतं पाठीवर यायचं. मानेखाली, पाठ जिथं सुरू होते तिथं त्यांची कातडी अजून जाड आणि गुळगुळीत आहे, खेटराच्या तळासारखी. तिथं नख दाबलं तरी त्यांना कळत नाही. मला छत्तिसाव्या वर्षी कंबरदुखी लागली आणि वजन ८८ वर गेलं, तेव्हा मी जिमची फी भरली.

तिथं एकानं सांगितलं की उपाशीपोटी व्यायाम केला की सगळी चरबीच जळते, रात्रीचं जेवणही सोडलं तर आणखी लवकर. मी ऐकलं. दोन आठवडे रात्री पेलाभर ताक पिऊन झोपलो. मे महिना होता, पंखा रात्रभर गरम वाराच फेकायचा. उठल्यावर पाणीही न पिता थेट जिम. त्या दिवशी डेडलिफ्टला, म्हणजे वाकून जमिनीवरचा बार उचलत सरळ उभं राहायच्या व्यायामाला, ९० किलो लावले होते. चौथ्या वेळी श्वास कोंडून बार वर आणला, खाली ठेवला, सरळ झालो आणि श्वास सोडला. कानात बारीक शिट्टी वाजली, समोरच्या ट्यूबलाइटभोवतीचा उजेड कडेनं काळा होत आत आला. पुढचं आठवतं ते गालाखालचं रबरी मॅट आणि त्याचा वास, सायकलच्या ट्यूबसारखा. हनुवटीला तीन टाके पडले.

डॉक्टरांनी नीट समजावलं. नुसत्या भुकेनं पडलो नव्हतो. रात्रभर घाम गेलेला, वर पाणी नाही. जड वजनाला श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो आणि श्वास सोडताच झपकन उतरतो. त्यात दोन आठवड्यांची अर्धपोटी. या तिन्ही गोष्टी एका मिनिटात एकत्र आल्या. पाण्याचं तर मला फारच लागलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या गावचा मी माणूस. एक-एक घागर मोजून वापरलेली. आता घरात पाणी होतं आणि मी तहानलेला निघालो होतो.

घरी आलो तर आण्णा ओट्यावर बसलेले. टाके बघितले, काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच विचारलं, 'रातच्याला काय खाल्लतास?'

मी म्हणालो, 'ताक.'

'आरं, मग पोतं कशावर उचलायचं? सकाळी कुठला हमाल जेवून येतोय? आम्ही रातच्या भाकरीवर उचलायचो.'

हे मी नंतर बरंच वाचून ताडून बघितलं, आणि आण्णांचं म्हणणं पक्कं निघालं. शरीरात साखरेचा साठा दोन जागी असतो. यकृतात साधारण शंभर ग्रॅम, आणि स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट. रात्रभर झोपेत मेंदू आणि बाकीचं शरीर चालतं ते यकृतातल्या साठ्यावर, म्हणून सकाळपर्यंत तो बराच उतरतो. स्नायूंतला साठा मात्र रात्रीतून फारसा हलत नाही. तिथली साखर रक्तात परत येत नाही, ज्या स्नायूत आहे त्यालाच ती वापरता येते. म्हणजे रात्री नीट जेवलेला माणूस सकाळी न्याहारी न करता बारखाली उभा राहिला तरी त्याच्या मांड्या आणि पाठ उपाशी नसतात. व्यायाम चालू ठेवून ताटच अर्धं केलं, तर मात्र तो साठा दिवसेंदिवस भरतच नाही. माझं तेच झालं होतं.

चरबी जळण्याचं म्हणाल, तर उपाशी असताना त्या तासाभरात शरीर चरबी जास्त वापरतं हे खरं आहे. पण दिवसभराच्या हिशोबात ते फिटून जातं. २०१४ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस तरुण मुली, चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस तासभर चालण्या-पळण्यासारखा व्यायाम, अर्ध्या उपाशी आणि अर्ध्या खाऊन. दोन्हीकडे जेवण सारखंच मोजून कमी केलेलं. शेवटी चरबी दोन्ही गटांत सारखीच उतरली. तो वजनाचा व्यायाम नव्हता आणि मुलीही थोड्याच होत्या, तरी रात्रीचं जेवण सोडायला सांगणाऱ्यानं एवढं तरी वाचायला हवं होतं. त्याचा मला अजून राग येतो.

मग मी उपाशी का करतो? कारण खाऊन मला जमत नाही. पोहे खाल्ले की स्क्वॉटला खाली बसताना ते गळ्याशी येतात. खाऊन दीड-दोन तास थांबायचं म्हटलं तर व्यायाम संपेपर्यंत आठ वाजून जातील, आणि एप्रिल-मेमध्ये आठनंतर आमच्या जिमच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. दहाला आडत. माझ्यासाठी पहाटच आहे, आणि पहाटे पोट रिकामंच बरं.

म्हणून सगळं लक्ष रात्रीवर. साडेआठच्या आत ज्वारीच्या दोन भाकरी, तुरीचं घट्ट वरण, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही. व्यायामानंतर मात्र मी उशीर करत नाही. रात्रीपासून काही खाल्लेलं नसतं, स्नायूंना प्रथिनं लागतात. घरी आलो की तीन अंडी आणि सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे, नाहीतर भिजवलेले हरभरे आणि धपाटा.

माझा सगळ्यात चांगला दिवस वेळ अमावस्येच्या, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या पूजेच्या सणाच्या, दुसऱ्या दिवसाचा. आदल्या दिवशी आम्ही सगळे मामाच्या शेतात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, पूजा झाली, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि माठातली आंबील पळसाच्या द्रोणात. मामीनं नको म्हणू दिलं नाही. दुसऱ्या पहाटे थंडीत, पोटात फक्त पाणी, १२० किलोची डेडलिफ्ट एका दमात तीन वेळा गेली. तोवर ११० च्या पुढं एकदाही गेली नव्हती.

आणखी एक आण्णांचंच. ते चारला उठायचे, यार्डापर्यंत चालत जायचे, थप्पीला टेकून बसायचे, बिडी नाही, गप्पा. पहिला तास पोतं उचलायचेच नाहीत. 'उठल्या उठल्या वाकायचं नसतं, पाठ फुगलेली आसतीय.' मला ती जुनी समजूत वाटायची. पण खरंच रात्री आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी माणूस एक-दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि त्यातला बराचसा फरक उठल्यावरच्या पहिल्या तासात जातो. त्या वेळी वाकून वजन उचललं की गाद्यांवर ताण जास्त येतो. म्हणून माझा उठण्यापासून बारपर्यंतचा तास-सव्वा तास. गंजगोलाईला एक फेरी मारतो. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, पण त्या वेळी फक्त दुधाच्या गाड्या असतात.

सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही. आमच्या भाऊजींना साखर आहे, गोळ्या चालू आहेत. तेही निघाले होते पहाटे माझ्यासोबत. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं उपाशी व्यायामात साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं. आता ते संध्याकाळी सहाला जातात, मूठभर फुटाणे खाऊन, आणि खिशात साखरेची पुडी ठेवतात. आमच्या गल्लीतल्या पोरांनाही मी जिमच्या दारातच विचारतो, रात्री काय खाल्लं? एकानं परवा बिस्किटं सांगितली. त्याला रिकाम्या बारवरच थांबवलं.

आत्ता रात्रीचे आठ वाजलेत. उद्या पाठीचा दिवस. आण्णांनी आतून हाक मारली आहे, ताट वाढलंय म्हणून.