शिरवळच्या यादीत नाव येईपर्यंत : व्हेटरनरी ॲडमिशनचा माझा अनुभव

मी आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवरची, घरी मेंढरं, दोन खिलार गायी आणि थोडी कोरडवाहू जमीन. आता शिरवळला बीव्हीएससीच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. गावाकडून कुणाचं ना कुणाचं पोरगं फोन करून विचारतं, ताई काय काय लागतं, कधी फॉर्म निघतो, इतक्या मार्कांना लागेल का. प्रत्येकाला तेच तेच सांगते आणि दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

सुरुवात २०२२ ची. सप्टेंबर महिना, मी नुकतीच अकरावी सायन्सला गेलेली आणि लम्पी आला. आधी तापच येतो, मग अंगभर गाठी, पाय सुजतात, जनावर खाणं सोडतं. माश्या, डास, गोचीड यांच्यातनं पसरतो म्हणून आम्ही गोठ्यात कडुलिंबाचा धूर करत बसायचो रात्री. बाजार बंद, जनावरांची ने-आण बंद. आमच्या गायीला झाला आणि चार दिवसात तिच्या वासराला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं तेव्हा कितीतरी गावं होती, बिचारे दिवसभर लस टोचत फिरायचे, आमच्याकडं यायला रात्रीचे साडेदहा झाले. मी बॅटरी धरून उभी होते. त्यांनी गायीला इंजेक्शन दिलं, जखमा कशा धुवायच्या ते मला करून दाखवलं, आणि वासराकडं बघून नुसतं उभे राहिले. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, आमच्या वाडीवर लस पोचली तेव्हा तेवढा वेळच उरला नव्हता. पहाटे वासरू गेलं. गाय वाचली. नंतर पंचनामा झाला, वासराचे सोळा हजार सरकारकडून मिळाले, आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पैसे बरेच दिवस खात्यातनं काढले नाहीत.

त्या रात्रीच ठरलं असं म्हणणार नाही, पण त्यानंतर दुसरं काही डोक्यात आलंच नाही एवढं खरं.

आता घोळ काय होतो ते सांगते. आमच्याकडं बऱ्याच जणांना वाटतं व्हेटरनरीला सीईटी लागते. सीईटी ॲग्रीला लागते, व्हेटरनरीला नीट लागते, तीच नीट जी एमबीबीएसवाली पोरं देतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्लिश पाहिजेत. राज्यातली सरकारी कॉलेजं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली, सगळे त्याला माफसू म्हणतात. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर आणि आता अकोला. पंधरा टक्के सीटा व्हेटरनरी कौन्सिल ऑफ इंडिया सगळ्या देशातनं भरते, त्याचा फॉर्म वेगळा, आणि माफसूचा वेगळा. दोन्ही भरायचे. नीट पास झालं की फॉर्म आपोआप जातो असं समजून बसलेली एक मैत्रीण माझ्याच वर्गातली, मार्क चांगले असून तिचं ते वर्ष गेलं. कोर्स साडेपाच वर्षांचा, शेवटचं वर्ष इंटर्नशिप.

घरी आईला पटायला वेळ लागला. पोरगीच्या जातीनं ढोर डॉक्टर व्हायचं म्हणजे रात्री-अपरात्री कुणाच्या पण गोठ्यात जायचं, असं तिचं म्हणणं. आबा, म्हणजे माझे आजोबा, एवढंच बोलले, "आपलं घर मेंढरावर जगलं, आन् मेंढराचं दुखणं कळणारं एक बी माणूस घरात न्हाय. जाऊ दे तिला."

खरी लढाई अभ्यासाची वाटत होती, निघाली कागदांची. आम्ही धनगर, म्हणजे एनटी-सी. जातीचा दाखला होता, नॉन क्रिमिलेयर निघतं, पण ॲडमिशनला कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, लागते आणि आमच्या घरात आजवर कुणाचीच काढलेली नाही. घरात एखाद्याची असली की काम सोपं होतं, पहिल्या माणसाला सगळं खणून काढावं लागतं. भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. आता १९६१ च्या आधी आमचे आबा मेंढरं घेऊन पावसाळा सोडला तर वर्षभर बाहेर, कराड-पाटणकडं कुणाच्या तरी रानात वाडा, शाळेचं तोंड त्यांनी बघितलेलं नाही. पणजोबांच्या नावची जमीन होती पण सातबाऱ्यावर जात थोडीच लिहितात. मी बारावीचं पहिलं सत्र चालू असताना कॉलेजमधनं ऑनलाईन अर्ज टाकला, वंशावळीचं शपथपत्र जोडलं, आणि महिन्याभरानं त्रुटी निघाली, पुरावा जोडा.

मग आबांना आठवलं की त्यांचे थोरले भाऊ दोन वर्षं शाळेत गेलेले. ते वारून वीस वर्षं झाली. आण्णा शाळेत गेले, तिथं सांगितलं एवढं जुनं रजिस्टर नाही. परत गेले, मग म्हणाले कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते ट्रेनिंगला गेलेत. चौथ्या खेपेला मी बरोबर गेले, एका नव्या बाईंनी आमच्यासोबत बसून माळ्यावरची गठडी खाली काढली, धुळीनं सगळ्यांना शिंका. १९५६ चं पान. शाई उडालेली पण वाचता येत होतं, नाव, बापाचं नाव, गाव, आणि पुढं हिंदू धनगर. वर जिल्हा म्हणून लिहिलेलं दक्षिण सातारा. सांगली जिल्ह्याचं नावच तेव्हा ते होतं, १९६० ला बदललं. बाईंनी त्या पानाचा निर्गम उतारा लिहून, शिक्का मारून दिला. आण्णांनी घरी येऊन आबांना तो वाचून दाखवला तर आबा म्हणाले परत वाच. तीनदा वाचायला लावला. त्यांच्या भावाचा एक फोटोसुद्धा घरात नाही, नाव तेवढं त्या रजिस्टरात राहिलेलं.

म्हणून अकरावीला असलेल्यांना मी पहिलं हेच विचारते, व्हॅलिडिटी टाकली का. अभ्यास बुडतो म्हणून पुढं ढकलू नका, नीटनंतर टाकू म्हणाल तर राऊंडच्या वेळेला हातात पावतीच असेल आणि पावतीवर दर वर्षी सूट मिळेलच असं नाही.

नीट ५ मे २०२४ ला झाली, सेंटर सांगली. दुपारी दोन ते पाच वीस, ऊन असं की बाहेर आईनं पदर डोक्यावर घेऊन पिशवीतलं पाणी संपवलं. पेपर बरा गेला. आणि मग निकाल चौदा जूनला म्हणून सांगितलेला तो अचानक ४ जूनला लागला, म्हणजे लोकसभेची मतमोजणी होती त्याच दिवशी. सगळं गाव टीव्हीपुढं, पारावर सांगलीच्या जागेचा हिशोब चाललेला, आणि मी मागच्या खोलीत एकटी मोबाईल घेऊन, सर्व्हर काही उघडेना. संध्याकाळी उघडला. मार्क माझ्या अंदाजापेक्षा जास्त होते, मी ओरडले, आणि मग खाली रँक बघितली आणि गप्पच झाले. तेवढ्या मार्कांना आदल्या वर्षी जी रँक होती त्याच्या कितीतरी मागं. २०२३ ला देशात दोघांना ७२० पैकी ७२० होते, आमच्या वर्षी सदुसष्ट जणांना. म्हणून मी माझे मार्क कुणाला सांगत नाही, सांगून उपयोगच नाही. मार्कांवरनं कटऑफ काढू नका, रँक बघा, आणि माफसूच्या लिस्टमधला आपला कॅटेगरीतला नंबर बघा.

पुढं दोन महिने काय चाललं ते सगळ्यांना माहितीय. पेपर फुटल्याच्या बातम्या, ग्रेस मार्क, कोर्ट. नीट परत होणार का नाही हेच कळत नव्हतं. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची का उघडी ठेवायची? मी उघडी ठेवली पण वाचन काही झालं नाही, सकाळी मेंढरांमागं जायचे, दुपारी लिंबाखाली बसून मोबाईलवर तारीख पडली का बघायचे. पावसाळ्याच्या तोंडाला मेंढरांना आंत्रविषाराची लस असते, ती त्या वर्षी मीच डॉक्टरांबरोबर उभी राहून टोचून घेतली, वहीत सगळी नोंद केली. तेवढा एक दिवस जीव ताळ्यावर होता.

२३ जुलैला कोर्टानं सांगितलं नीट परत नाही. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत दुसरी गोष्ट कळली. फिजिक्सच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरलेली, अणूवरचा प्रश्न, जुन्या एनसीईआरटीत एक आणि नव्यात एक. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच बरोबर ठरवलं. माझ्याकडं मामेभावाचं जुनं पुस्तक होतं, मी त्यातलं उत्तर टिकवलेलं. चार मार्क गेले आणि निगेटिव्हचा एक, असे पाच. २६ जुलैला नवा निकाल आला, देशभरात चार लाखांच्या वर पोरांचे असे पाच मार्क कापले गेले, त्यात मी एक. नवीन पुस्तक घ्यायला पैसे नव्हते असं नाही, आण्णांनी दिले असते, जुनं आहे तर कशाला म्हणून मीच घेतलं नाही, आणि ही गोष्ट मला आजही लागते.

व्हॅलिडिटी ऑगस्टमध्ये हातात आली. फॉर्म भरला, स्वतः भरला, सायबर कॅफेवाल्याकडनं नाही. एवढं ऐका, फॉर्म स्वतः भरा, निदान शेजारी बसून प्रत्येक रकाना स्वतः वाचा, मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. आमच्या ओळखीच्या एका मुलाचा ओटीपी कॅफेवाल्याच्या नंबरवर जायचा आणि तो नेमका गावाला गेलेला. पसंतीक्रमात मी शिरवळ पहिलं टाकलं, मग मुंबई, उदगीर, परभणी, नागपूर, अकोला. मुंबईचं कॉलेज १८८६ चं, नाव मोठं, सगळे म्हणत होते ते पहिलं टाक. पण मला मेंढरं आणि गायींचं काम पाहिजे होतं आणि घराजवळ पाहिजे होतं. शिवाय शिरवळच्या कॉलेजला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे, येडेमच्छिंद्र म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं गाव, आबांना ते नाव ऐकूनच बरं वाटलं.

पहिली यादी लागली, नाव नाही. पीडीएफ तीनदा शोधली, वरनं खाली, खालनं वर.

आणि त्याच आठवड्यात ॲग्रीच्या एका कॉलेजला नंबर लागला, सीईटीचे मार्क चांगले होते. आता काय करायचं? आण्णा म्हणाले, "हातातली सीट सोडू नगंस, उद्या दोन्हीकडनं गेलो तर?" पैसे भरले, आणि भरताना आण्णांनी दोन मेंढरं विकली ते मला नंतर कळलं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, जी मला तेव्हा कुणी सांगितली नाही. व्हेटरनरीच्या यादीत आपल्या वर जे असतात त्यातले बरेच जण एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएसचीही वाट बघत असतात. तिकडं त्यांचा नंबर लागला की ते इकडची सीट सोडतात, मग आपली यादी हलते. त्या वर्षी मेडिकलचे राऊंडच कोर्टामुळं उशिरा सुरू झाले, म्हणून सगळंच मागं. पहिल्या राऊंडला नाव नाही म्हणून रडून ग्रुप सोडलेल्या पोरांपैकी काहींचा पुढं नंबर लागत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. तेव्हा राऊंड संपेपर्यंत रोज वेबसाईट बघायची, बातमीवर नाही, ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटवर नाही, वेबसाईटच. मी प्रत्येक यादी वहीत उतरवून घेत होते, आपल्या कॅटेगरीत शेवटचा नंबर कितीवर थांबला, माझा किती लांब. पहिल्या राऊंडला बरंच अंतर होतं. दुसऱ्याला पण नाव आलं नाही, पण अंतर अकरावर आलं. अकरा माणसं. त्या अकरा जणांना त्यांना पाहिजे ते मिळू दे असं मी सिद्धनाथाला खरसुंडीत जाऊन मागितलं, मनापासून मागितलं.

घरात त्या दिवसांत कुणी माझ्याशी ॲडमिशनचं बोलत नव्हतं. आई उगाच ताटात जास्तीची भाकरी वाढायची. शेजारची काकू विचारायची, लागलं का गं, आणि आई मधेच म्हणायची, "लागंल की, घाई काय हाय." आधी नको म्हणणारी तीच आई.

तिसरी यादी लागली तेव्हा मी ओढ्याच्या पलीकडं होते, तिथं रेंज येत-जात असते. पीडीएफ अर्धी उघडायची आणि थांबायची. शेवटी टेकाडावर चढले. नाव, एनटी-सी, शिरवळ. मी परत वाचलं, मग आबांसारखं तिसऱ्यांदा. मेंढरं तशीच सोडून पळाले नाही, ती गोळा करून घरी आणली, मग सांगितलं. आई चुलीपुढं होती, तिनं हातातलं पीठ न झटकताच मला धरलं.

रिपोर्टिंगला आण्णा, मी आणि आबासुद्धा. नको म्हणत होतो, ऐकले नाहीत. दिघंची, म्हसवड, दहिवडी, फलटण, लोणंद करत पहिल्या एसटीनं निघालो आणि गाड्या बदलत दुपारी शिरवळला पोचलो. कागद तपासणाऱ्या टेबलावर ओरिजिनल सगळे जमा करावे लागतात, मार्कशीट, डोमिसाईल, दाखला, नॉन क्रिमिलेयर, व्हॅलिडिटी. मी फाईलमधनं एकेक काढून देत होते. झेरॉक्सचे तीन सेट घेऊन जा, आणि फोटो भरपूर, तिथं ऐनवेळी धावपळ होते. आबा भिंतीला टेकून बसलेले, नजर त्या फाईलवरच.

बाहेर आल्यावर पहिला प्रश्न त्यांचाच, "आपल्या थोरल्याच्या नावाचा कागद बी घेतला का त्यास्नी?"

म्हटलं आबा, तो निर्गम उतारा घरीच आहे, इथं व्हॅलिडिटी दिली, त्याच्यावरच निघालेली.

"मग तो नीट ठेव. धाकट्याला लागंल."

धाकटा भाऊ तेव्हा दहावीला होता. यंदा अकरावीला गेलाय, त्याचा व्हॅलिडिटीचा अर्ज मी दिवाळीच्या सुट्टीत टाकला, माझी व्हॅलिडिटी आणि ते १९५६ चं पान दोन्ही जोडून.