ए-नंबर, आय-९४, रिसीट नंबर… कुठल्या रकान्यात कुठला?

अमेरिकेच्या इमिग्रेशनची फाईल उघडली की नुसते आकडेच आकडे, आणि फॉर्म भरायला बसलं की नेमका हवा तोच सापडत नाही. ओळखीतल्यांचे फॉर्म बघून देताना मी आधी एकच गोष्ट विचारते, हा नंबर कशाचा आहे? माणसाचा, कागदाचा, अर्जाचा, की देशात एकदा येण्याचा? हे लावलं की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

माणसाचा नंबर म्हणजे ए-नंबर. १९४० साली अमेरिकेने परदेशी लोकांची नोंदणी सक्तीची केली, हा नंबर त्याच नोंदणीतून आलेला. ए या अक्षरापुढे सात ते नऊ आकडे असतात, फॉर्मला मात्र नऊच लागतात, त्यामुळे कमी असतील तर ए च्या लगेच पुढे शून्य घालायचं, शेवटी नाही. ग्रीन कार्डावर आणि वर्क परमिटच्या कार्डावर हाच नंबर यूएससीआयएस (म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणारं सरकारी खातं) नंबर या नावाने छापतात, पुढे ए नसतो, म्हणून बरेच जण तो वेगळा समजून बसतात. पासपोर्ट बदलला, नोकरी बदलली, लग्नानंतर आडनाव बदललं तरी हा नंबर तोच राहतो.

खरा घोळ होतो तो शिकायला आलेल्यांचा. शिक्षण झाल्यावर ओपीटीसाठी, म्हणजे शिक्षणाच्या जोरावर काही काळ काम करायच्या परवानगीसाठी, वर्क परमिटचं कार्ड येतं, त्यावर यूएससीआयएस नंबर असतो, म्हणजे त्या दिवशी तुम्हाला ए-नंबर मिळालेला असतो. मग एच-१बी हा नोकरीचा व्हिसा होतो, पुढची कित्येक वर्षं तो नंबर कोणी विचारत नाही, कार्ड कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडून राहतं, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज, म्हणजे आय-४८५, भरताना माणूस बिनधास्त लिहितो की मला ए-नंबर नाहीच! ते जुनं कार्ड शोधा. कधीकधी आय-१४० च्या (नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळवण्यासाठीचा आधीचा अर्ज) अप्रूव्हल नोटिशीवर दुसराच ए-नंबर पडलेला असतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन होतात. घाबरायचं कारण नाही, ते पुढे एकत्र करतात, फॉर्ममध्ये आधीचे इतर ए-नंबर विचारलेले असतात तिथे दुसरा लिहायचा आणि वकिलालाही सांगून ठेवायचं.

सोशल सिक्युरिटी नंबरही नऊ आकडी, म्हणून तो ए-नंबरच्या रकान्यात घुसवणारे मी पाहिलेत. त्याचा इमिग्रेशनशी थेट संबंध नाही, तो देणारं खातंच वेगळं. आणि फॉर्मवर "यूएससीआयएस ऑनलाईन अकाउंट नंबर" असतो ना, तो तर आणखीनच फसवा, नाव जवळजवळ तेच पण हा बारा आकडी आणि तुमच्या ऑनलाईन खात्याचा. नसेल तर रकाना मोकळा सोडा, ए-नंबर कोंबू नका.

आता अर्जाचा नंबर, म्हणजे रिसीट नंबर. हा मला आवडतो कारण जुन्या पद्धतीचा असेल तर चक्क वाचता येतो. तीन अक्षरं आणि दहा आकडे, अर्जाबद्दल खात्याकडून येणाऱ्या आय-७९७ नोटिशीवर वरतीच सापडतो. समजा एलआयएन २१ ०४५ ५०१२३ असा आहे (मनाने रचलाय, कोणाचा निघाला तर माफी). एलआयएन म्हणजे अर्ज हाताळणारं नेब्रास्काचं सेंटर, लिंकन शहरावरून. एसआरसी टेक्सासचं, ईएसी व्हर्मॉंटचं, डब्ल्यूएसी कॅलिफोर्नियाचं. २१ म्हणजे आर्थिक वर्ष २०२१, जे १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. ०४५ म्हणजे त्या वर्षाचा पंचेचाळिसावा कामाचा दिवस, म्हणजे साधारण डिसेंबर २०२० ची सुरुवात, आणि शेवटचे पाच म्हणजे अर्जाचा क्रम. आयओई ने सुरू होणाऱ्या नंबरांना मात्र हे गणित लागू होत नाही, ते इलेक्ट्रॉनिक सिस्टीममधून येतात, त्यामुळे त्यातून तारीख काढत बसू नका. आणि प्रत्येक अर्जाला नवा रिसीट नंबर, नवराबायकोचे अर्ज एकाच पाकिटात गेले तरी प्रत्येकाचा वेगळा.

देशात येण्याचा नंबर तो आय-९४ चा, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या नोंदीचा. पूर्वी पासपोर्टात पांढरा कागद स्टेपल करून द्यायचे, २०१३ पासून विमानतळावर ते बंद होऊन सगळं ऑनलाईन झालं, स्वतः साईटवरून डाउनलोड करायचं. अकरा जागांचा असतो आणि मे २०१९ पासून दहाव्या जागी अक्षर येतं, ते बघून "टायपो झालाय" म्हणून शून्य टाकू नका. बाहेर जाऊन विमानाने परत आलात की नवा आय-९४, आधीचा फॉर्म कॉपी-पेस्ट करणारे इथेच अडकतात.

व्हिसाचं सांगायचं तर स्टॅम्पवर दोन नंबर असतात, वरचा कंट्रोल नंबर आणि खाली उजवीकडे लाल शाईतला, व्हिसा नंबर म्हणून विचारला तर तो लाल. कॉलेजकडून मिळणाऱ्या आय-२० वरचा सेव्हिस नंबर (विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचा) एन ने सुरू होतो. डीएस-१६० चा, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाईन अर्जाचा, कन्फर्मेशन नंबर एए००ने. हे तीन एकमेकांच्या जागी चालत नाहीत, बास, एवढंच.

एक गोष्ट मात्र जरा सविस्तर. ग्रीन कार्डाच्या मागे खाली तीन ओळी असतात, बाणांच्या खुणा भरलेल्या, मशीनने वाचायच्या. पहिल्या ओळीत देशाच्या कोडनंतर येणारे नऊ आकडे म्हणजे तुमचा ए-नंबरच, आणि त्याला चिकटून एक जादा आकडा असतो तो पडताळणीचा. आकड्यांना ओळीने ७, ३, १ ने गुणत जायचं, बेरीज करायची, दहाने भागून उरेल ती बाकी. ०१२३४५६७८ घेतलं तर बेरीज येते ११४, बाकी ४, म्हणजे जादा आकडा ४. पासपोर्टच्या खालच्या ओळींचंही हेच सूत्र. ग्रीन कार्डावर त्या जादा आकड्यापुढे लगेच रिसीट नंबर.

आता हे का सांगतेय तर कार्ड आलं की आनंदाच्या भरात व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन्ही बाजूंचे फोटो पडतात, पुढच्या बाजूचा नंबर बोटाने झाकलेला असतो आणि मागच्या ओळी उघड्या. रिसीट नंबर कळला की केसचं स्टेटस कोणालाही बघता येतं, त्याला पासवर्ड लागत नाही. तेव्हा फोटो टाकायचाच असेल तर मागची बाजू अख्खी कापून टाका.