बाबांचा बिल्ला

परवा आईने नव्या घराच्या खिडकीशी बाबांचा पितळी बिल्ला टांगला. कडा झिजलेल्या, आकडा मात्र अजून बोटाला लागतो. बाबा मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा म्हणाले होते, "महिनाभरात कामावर जाऊ." आमच्यासाठी भोंगा पुन्हा वाजलाच नाही.

आता त्याच गिरणीच्या जमिनीवर म्हाडाच्या सोडतीत लागलेलं आमचं २२५ चौरस फुटांचं घर आहे. बाबा ते बघायला राहिले नाहीत.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची उरली, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. आमच्या माणसांची घरं तिथेच आकसली. गिरणी कामगारांसाठीच्या २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं होती ६,९२५, आणि अर्ज करणारे लाखाच्या वर.

मला खरी हळहळ वाटते ती इमारतीची. करवतीच्या दातांसारखं ते छप्पर, उत्तरेच्या काचांतून साच्यांवर पडणारा सारखा उजेड, हातभर जाडीच्या दगडी भिंती. त्याच भिंतींच्या आत खोल्या काढता आल्या असत्या असं मला मनापासून वाटतं. सगळं पाडलं.

आई रोज सकाळी बिल्ला पुसते, मग चहा ठेवते.