ती फिकी रेघ

निपाणीजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी रात्रपाळीचा लॅब टेक्निशियन आहे. मागच्या महिन्यातली एक केस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

रात्री सव्वाला छातीत दुखतंय म्हणून पेशंट आला. तंबाखूच्या वखारीत हमाली करणारा, पन्नाशीचा, घामाने बनियन ओलं. सोबत बायको आणि मुलगा. ड्युटी डॉक्टर बागलकोटकडचे, नवीन पोरगा, हुशार आहे पण मराठी जेमतेम. पेशंटला मराठीशिवाय काही येत नाही. "कवापासून?" "सांजंपास्नं." झाली हिस्टरी! ईसीजीत खास काही नाही, ट्रोपोनिन सांगितलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची तपासणी.

मी हिरव्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची ट्यूब घेतो, लाल टोपणाची नाही. लालमध्ये रक्त गोठायची वाट बघत अर्धा तास जातो आणि छातीच्या पेशंटला तेवढा वेळ कुठला. (हे मी तीन वर्षं सांगतोय, दिवसपाळीवाले ऐकतील तर शपथ.) तपासणीच्या कार्डवर थेंब टाकायचे, पंधरा मिनिटांनी बघायचं. 'सी'ची रेघ उठली की कार्ड चांगलं, 'टी'ची उठली की हृदयाच्या स्नायूला इजा झालीये. 'टी' कितीही फिकी असली तरी पॉझिटिव्हच धरायची, म्हणून मी ट्यूबलाइटखाली तिरकं धरून दोनदा बघतो. 'टी'ला काही नव्हतं. निगेटिव्ह लिहून दिलं, डॉक्टर म्हणाले सात वाजल्यापासून दुखतंय आणि अजून निगेटिव्ह, म्हणजे ॲसिडिटी. हिशोब बरोबरच होता त्यांचा. मुलगा गाडी काढायला गेलासुद्धा.

तेवढ्यात बायको माझ्या खिडकीशी आली, रिपोर्टचे पैसे द्यायला. सहज म्हणाली, "सांजंला नुसतं जळजळालं हुतं, मी जिरं-गूळ दिला. ह्ये दाबालंय म्हणाय लागलं ते आत्ता, साडेबाराची यष्टी गेली तवा."

म्हणजे रक्त काढलं तेव्हा खरं दुखणं सुरू होऊन तासही झाला नव्हता. ट्रोपोनिन रक्तात दिसायलाच आमच्या असल्या कार्डवर तीन-चार तास लागतात, कधी सहासुद्धा. मोठ्या शहरात हाय-सेन्सिटिव्हिटी मशीन असतं, त्यावर तासा-दोन तासांच्या फरकाने दोन नमुने घेऊन आकडा चढतोय का ते बघतात, आमच्याकडे आकडाच नाही, रेघ आहे नाहीतर नाही.

धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांना राग आला नाही हे विशेष, आधीच्या एका डॉक्टरांनी मला "तू सुई टोच" म्हणून परत पाठवलं असतं. पेशंटला थांबवलं. मुलगा कुरकुरला, निगेटिव्ह म्हणालात की तुम्हीच! खरं होतं त्याचं. आमच्या रिपोर्टवर नमुन्याची वेळ छापतात, दुखणं कधी सुरू झालं त्याला रकानाच नाही.

चार वीसला दुसरं रक्त. बाराव्या मिनिटालाच 'टी' उठली, फिकी पण स्वच्छ. दुसऱ्या ईसीजीतही बदल दिसले. ॲस्पिरिन चावायला दिली, हेपॅरिन सुरू केलं, अँब्युलन्स बोलावली. आता कोल्हापूर का बेळगाव, तर कोल्हापूर तासाभरावर, पण मुलाच्या हातातलं आरोग्य योजनेचं कार्ड कर्नाटकाचं, तो ते कार्ड उलटंपालटं करत बसला. शेवटी बायकोच म्हणाली, "कोल्हापुरास चला, पैशाचं बघू." अँजिओप्लास्टी झाली, माणूस घरी आहे.

सकाळी सातला टेबल आवरताना पहिलं कार्ड ट्रेमध्ये तसंच पडलेलं दिसलं. 'टी'ला रेघ होती. अगदी पुसट. वीस मिनिटांनंतर कार्ड वाचायचंच नसतं, वाळताना असल्या खोट्या रेघा येतात, पाकिटावर तसं छापलेलं असतं आणि नव्या पोरांना मीच ते शिकवतो. तरी ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघितलं, मग खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं. पावणेदोनला ती तिथं होती का नव्हती?

कार्ड बायोमेडिकल कचऱ्याच्या पिशवीत टाकायला पाहिजे होतं. ड्रॉवरमध्ये आहे.