घरात माणसं किती?

फ्रिज घेऊन दोन दिवस झाले तरी ते डोक्यातनं जात नाहीये. दुकानातला पोरगा एवढंच तर म्हणाला, "काकू, घरात माणसं किती?" आणि मी म्हणलं, चार. पटकन. ह्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, बोलले काही नाहीत, आणि त्या न बोलण्याचाच जास्त राग आला मला.

सगळं त्या वळवानं केलं. मंगळवारी सातच्या सुमाराला वारं सुटलं, आंब्याची फांदी तारेवर पडली आणि लाईट जायची सोडून वाढलीच की! ट्यूब पांढरीफटक, पंखा आता सुटून अंगावर येतोय असा, हे मेन स्विच पाडेपर्यंत दोन बल्ब, वायफायचा डबा आणि फ्रिज एवढं गेलेलं. वायरमन म्हणाला न्यूट्रल तुटली, मग 230 च्या जागी एखाद्या घरात 400 पर्यंत पण जातं, शेजारच्यांकडं उलट मिणमिणत होतं. आमचाच नंबर लागायचा होता. मिस्त्री म्हणाला कॉम्प्रेसर जळालाय, अठरा वर्षांच्या फ्रिजला सात-आठ हजार घालू नका.

रात्रभर लाईट नव्हतीच. मोबाईलच्या बॅटरीत फ्रिज रिकामा केला. आठ दिवसांची साय होती, लोणी काढायला मिक्सर कुठला, तशीच कढवायला ठेवली, साडेअकराला घरभर तुपाचा वास. वाटीभर बेरी निघाली. साखर घालून झाकून ठेवली, आम्ही दोघंही बेरी खात नाही. दाराच्या वरच्या कप्प्यात आईंच्या इन्सुलिनचा खोका होता, रिकामाच, तो मीच ठेवला होता. असो.

तर चार म्हणल्यावर तो पोरगा आम्हाला थेट डबल डोअरकडं घेऊन गेला, 260 लिटरच्या पुढंच. कोपऱ्यात छोटे सिंगल डोअर होते, तिकडं बघू पण दिलं नाही. स्टारच्या लेबलवर वर्षाला किती युनिट ते वाचून दाखवलं, स्टॅबिलायझर लागत नाही म्हणाला. मी विचारलं, आणि 400 आलं तर? हसला, "तेवढं कुठलाच नाही झेलत काकू." मग म्हणाला जीएसटी पण कमी झालाय, आणि इथं हे जागे झाले. सप्टेंबर 2025 ला कमी झाला तो एसीचा आणि 32 इंचाच्या वरच्या टीव्हीचा, फ्रिज 2018 पासनंच 18 टक्क्यांत आहे, असं पाच मिनिटं. जन्मभर हिशेबच केले, दुसरं काय करणार. पोरगं गप्प. पण माझा हिशेब मात्र दुरुस्त केला नाही ह्यांनी. करायला हवा होता की नको, तेच कळत नाहीये.

दोन म्हणायला काय झालं होतं? दूधवाल्याला सांगितलंच ना मी, एक पिशवी कमी टाक म्हणून, कणीक पण बरोबर दोघांपुरती भिजते, हाताला कळतं सगळं. तोंडालाच कळत नाही. का त्या पोराला खरं सांगायची लाज वाटली? त्याला काय पडलंय, तो लिटर मोजत होता.

आणि घेतला शेवटी डबल डोअरच. जुन्याचे एक्स्चेंजमध्ये पंधराशे. चिनूचा फोन आला, एवढा मोठा कशाला आई? म्हणलं कैऱ्या आणल्यात पाच किलो. नव्हत्या आणल्या. मग संध्याकाळी बाजारात जाऊन आणाव्या लागल्या, आणि पन्ह्याचा गर करता करता बोटं सुरकुतली, स्वतःच्याच थापेपायी!

ठेवायला आलेली माणसं सांगून गेली होती, चार तास चालू करू नका. परत चारच. हे समोर पेपर घेऊन बसले आणि दर अर्ध्या तासानं घड्याळ बघत होते. चालू केल्यावर दार उघडलं तर आतला दिवा एवढा लख्ख की ती बेरीची वाटी एकटीच दिसायला लागली मधल्या फळीवर. म्हणलं खाता का? नको म्हणाले. थोड्या वेळानं बघितलं तर वाटीत चमचा होता.