सातवी चौकट

आज सकाळपासून कासच्या पठारावर एक मीटर लांबी-रुंदीची चौकट मांडून, गुडघ्यांवर बसून मी ‘सीतेची आसवं’ नावाची इवलीशी फुले मोजत होते. लांबून पाहणाऱ्याला जांभळा गालिचाच दिसतो. पण जांभ्यावरच्या जेमतेम बोटभर मातीत नत्र आणि स्फुरद इतके तुटपुंजे असते, की ही नाजूक वनस्पती आपली उरलेली भूक मातीत दडवलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून भागवते, हे त्या फुलाकडे पाहून कुणाला खरेही वाटणार नाही. वनविभागाच्या परवानगीने घेतलेले एक रोप हलकेच धुऊन भिंगाखाली धरले, तेव्हा मोहरीहूनही लहान, पारदर्शक पिशवी दिसली; तिच्या झडपेजवळच्या केसांना एखादा सूक्ष्म जीव अडखळला, की ती त्याला पाण्यासकट काही मिलिसेकंदांत आत ओढून घेते. पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तो उगाच नव्हे. दुपारी धुके उतरले, पाठोपाठ पाऊस आला आणि शाईच्या पेनाने लिहिण्याच्या माझ्या हट्टापायी (पेन्सिलच वापरा, असे विद्यार्थ्यांना बजावणारी मीच!) सातव्या चौकटीचे सगळे आकडे वाहून गेले. ती उद्या पहाटे पुन्हा मांडायची आहे; दोन पेन्सिली आताच तासून पिशवीत टाकल्या आहेत.