व्हिलन पहिल्याच राउंडला आडवा झाला

माझं काम प्लेटेस्टिंगचं. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांनी खेळायची गोष्ट) छापायला जायच्या आधी तो अनोळखी लोकांच्या हातात द्यायचा, ते कसे खेळतात ते बघायचं, नोंदी घ्यायच्या आणि डिझाइन टीमला रिपोर्ट द्यायचा. सध्या हातात एक सुपरहिरो गेम आहे. तो अजून जाहीर झालेला नाही त्यामुळे नाव सांगत नाही, पण नियमांबद्दल बोलायला टीमची हरकत नाहीये, आणि त्याच्या एका टेस्टच्या दिवशी जे बघितलं ते सुपरहिरो गेम खेळणाऱ्या किंवा बनवणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतंय म्हणून लिहितेय.

ती ब्लाइंड टेस्ट होती. यात जीएमला (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम चालवणारा) फक्त मसुदा मिळतो, बनवणारे कोणी खोलीत नसतात, आणि माझ्यासारखं कोणी असलं तरी त्याने कोपऱ्यात गप्प बसायचं. नियम चुकीचा वाचला तरी बोलायचं नाही, कारण पुस्तक विकलं गेल्यावर प्रत्येक घरात समजावून सांगायला कोणी जाणार नसतं. टेबलवर एक जीएम आणि चार प्लेअर होते. त्यातली एक मुलगी आयुष्यात पहिल्यांदाच रोलप्लेइंग गेम खेळत होती, बाकीचे मुरलेले.

सीन साधा होता. संध्याकाळची गर्दी, झुलता पूल, आणि कंपनं निर्माण करणारा एक व्हिलन जो पूल हलवून हलवून पाडणार आहे. हिरो चार: प्रचंड ताकदीची एक बाई, एक उडणारा, एक मनं वाचणारा टेलिपाथ, आणि नवीन मुलीकडे जी हिरोइन होती ती काही सेकंद काळ थांबवू शकते पण एका सेशनमध्ये तीनदाच. व्हिलनची हेल्थ 40, म्हणजे एवढं डॅमेज झालं की तो आडवा. कागदावर हिशोब असा होता की एक हिरो एका टर्नला साधारण 9-10 डॅमेज करेल, मधे व्हिलन उलटा मारेल, फाशांचे काही रोल वाया जातील, म्हणजे आरामात तीन-चार राउंड लढाई चालेल. पण मसुद्यात टीम-अपचा पण नियम होता, दोघांनी मिळून हल्ला केला की बेरीज होते आणि वर बोनस. मुरलेल्या प्लेअर्सनी तो पहिल्या पाच मिनिटांत शोधला. दोन जोड्या केल्या, पहिल्या जोडीने 22, दुसरीने 19. एकूण 41. व्हिलनची टर्न यायच्या आधीच तो बेशुद्ध.

हे दुखणं या प्रकारच्या गेम्सना जुनंच आहे. चार जणांना चार टर्न आणि समोरच्या एकट्याला एक, मग तो एकटा कितीही भारी असो, गणित त्याच्या विरुद्धच जातं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या आवृत्तीत यासाठी मोठ्या राक्षसांना लेजंडरी अॅक्शन्स दिल्या, म्हणजे दुसऱ्यांच्या टर्ननंतर पण त्यांना काहीतरी करता येतं. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स या सुपरहिरो गेममध्ये जीएम व्हिलनला निसटू देऊ शकतो पण बदल्यात प्लेअर्सना हिरो पॉइंट द्यावा लागतो, हा मला फार आवडणारा सौदा आहे. आमच्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं.

आता सेशन संपणार असं मी वहीत लिहायला घेतलं होतं. दोन तासांचा स्लॉट, त्यातली वीस-पंचवीस मिनिटं झालेली. जीएम पण मसुद्याची पानं मागे-पुढे करत होता, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पुढे काय करायचं ते त्यात लिहिलेलं नाहीये. तेवढ्यात ती नवीन मुलगी म्हणाली, "पण पूल अजून हलतोय ना? त्याच्यावर लोक आहेत."

जीएमने दोन क्षण विचार केला आणि म्हणाला, "हो. एक केबल तुटलीये."

आणि मग त्याने जे केलं ते मसुद्यात कुठेच नव्हतं. बाजूला पडलेले जास्तीचे सहा बाजूंचे फासे घेतले आणि नकाशावर ठेवायला लागला. एक फासा म्हणजे लोकांचा एक गट. अर्धवट लटकलेली बस, तिच्यावर 3. पुलावरून पळत सुटलेली गर्दी, 5. खाली मेंटेनन्सच्या केबिनमध्ये अडकलेले दोन कामगार, 4. म्हणाला, प्रत्येक राउंडच्या शेवटी सगळे फासे एकने खाली येतील, शून्य झालं की तो गट गेला. नियम संपला, एवढाच, पण टेबलवरची माणसं एकदम पुढे सरकून बसली, तशी ती लढाईत बसली नव्हती.

ताकदवान बाईच्या प्लेअरने सांगितलं की मी केबल धरते. जीएम म्हणाला ठीक आहे, तू धरून आहेस तोवर बसचा फासा खाली येणार नाही, पण तू दुसरं काहीही करू शकत नाहीस. त्या प्लेअरने खरंच दोन्ही हात वर केले आणि तसेच ठेवले, त्याची टर्न आली की तो फक्त "धरून आहे" म्हणायचा आणि पुढच्याला खूण करायचा. लढाईत याच कॅरेक्टरने सगळ्यात जास्त डॅमेज केलं होतं, पण मला विचाराल तर ते कॅरेक्टर खरं मोठं वाटलं ते या हात वर करून बसण्यात.

टेलिपाथचं तर आख्खं पारडंच फिरलं. लढाईत त्याचा प्लेअर जरा वैतागलेला होता कारण मनं वाचून डॅमेज होत नाही आणि टीम-अपमध्ये तो नुसता बोनसपुरता होता. इथे शेकडो घाबरलेली माणसं एकाच बाजूला पळतायत आणि त्यामुळे पूल अजून कलतोय, अशा वेळी ताकद काय करणार? त्याने सगळ्यांच्या मनात एकच वाक्य टाकलं, की हळू चाला आणि डावीकडून चाला. काय वाक्य टाकायचं यावर तो चांगला मिनिटभर विचार करत बसला होता आणि कोणी त्याला घाई केली नाही. गर्दीचा फासा उचलला गेला.

मग जीएमने अजून एक फासा ठेवला, बेशुद्ध व्हिलनच्या शेजारी, त्याच्यावर 2. तुटलेल्या कडेला पडलाय आणि डेक त्या बाजूला झुकतोय.

इथे टेबलवर खरी भांडणं लागली, म्हणजे खेळातल्या माणसांची, पण आवाज खरे. उडणारा म्हणाला पूल पाडणारा तोच, मी आधी बस रिकामी करणार. आणि तेच बरोबर होतं, कारण केबल काही कायमची धरून ठेवता येणार नव्हती. काळ थांबवणारीकडे एकच वापर उरला होता. कामगारांचा फासा तोवर 1 वर आलेला, व्हिलनचा पण 1. ती मुलगी बराच वेळ दोन फाशांकडे बघत राहिली, मग जीएमला विचारलं की कामगारांपर्यंत पोचून त्या दोघांना बाहेर काढायला मला किती वेळ लागेल, तो म्हणाला केबिनचं दार वाकलंय, रोल करावा लागेल आणि कठीण आहे, व्हिलन मात्र समोरच पडलाय, त्याला नुसतं ओढायचंय. तिने व्हिलनला ओढलं. "जो नक्की वाचणार आहे त्याला आधी" असं म्हणाली. कामगारांचा फासा शून्यावर आला आणि जीएमने तो काही न बोलता उचलून ठेवला.

सेशन संपल्यावर ती कॅरेक्टर शीटवर काहीतरी शोधत होती. मला विचारलं, हे कुठे लिहायचं? कोणतं, तर ते दोन कामगार. शीटवर पॉवर्सना जागा होती, हेल्थला, बोनसला, पोशाखाच्या वर्णनाला पण एक चौकट होती. याला नव्हती. तिने पाठीमागे लिहिलं.

त्याच संध्याकाळी टीमचा कॉल होता. 41 डॅमेजचा आकडा सगळ्यांना आधीच पोचला होता आणि पहिला प्रस्ताव अपेक्षित तोच आला, व्हिलनची हेल्थ 70 करा आणि टीम-अपचा बोनस निम्मा करा. मी म्हटलं बोनस कमी करा, तो जास्तच आहे, पण 70 करून काय होणार तर हेच लोक अजून दोन राउंड मारत बसणार आणि त्या दोन राउंडमध्ये पुलावरच्या माणसांकडे कोणीही बघणार नाही. आधीच्या टेबलांच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं हेच दिसतं. लढाई लांबली की नागरिक हे नुसतं नेपथ्य होतं, जीएम सुरुवातीला त्यांचं वर्णन करतो आणि मग शेवटपर्यंत त्यांचा उल्लेख येत नाही. मग मी फाशांचं सांगितलं.

सगळ्यांना पटलं असं नाही. एकाचं म्हणणं होतं की लोक सुपरहिरो गेम घेतात ते पॉवर्ससाठी, म्हणूनच आपल्या पुस्तकात पॉवर्सचा भाग सगळ्यात जाडा आहे, आणि हे वाचवावाचवी तर चांगला जीएम आपणहून करतोच. मला हे मान्य नाही. चांगला जीएम बरंच काही आपणहून करतो, पण नियम कशासाठी बक्षीस देतात आणि कशासाठी शिक्षा करतात त्यावरून तो गेम कशाबद्दल आहे ते ठरतं. 1981 च्या चॅम्पियन्समध्ये तुमच्या कॅरेक्टरवर अवलंबून असलेलं जवळचं माणूस घेतलंत तर कॅरेक्टर बनवायला जास्तीचे पॉइंट मिळायचे, म्हणजे आई किंवा मित्र संकटात सापडणार हे शीटवरच ठरलेलं असायचं. 1984 च्या मार्व्हल सुपर हीरोजमध्ये कोणाला ठार मारलं की साठवलेला सगळा कर्मा (हिरोसारखं वागल्याबद्दल मिळालेले पॉइंट) जायचा, सगळा. तेवढ्या एका नियमाने टेबलवरच्या लोकांचं वागणं बदलायचं. मास्क्स या 2016 च्या गेममध्ये तर हिट पॉइंटच (हेल्थचा आकडा) नाहीत, मार लागला की तुम्ही घाबरता, चिडता, हताश होता, आणि ते चिन्ह शीटवर राहतं. सेंटिनल कॉमिक्समध्ये आजूबाजूच्या परिसराला स्वतःची टर्न असते. म्हणजे ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आलीच नाही असं नाही, पण नवा गेम लिहायला घेतला की आधी पॉवर्स, मग डॅमेज, मग हेल्थ या क्रमाने लिहिला जातो आणि माणसं सगळ्यात शेवटी, पानं उरली तर. आता म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्सची चौथी आवृत्ती येऊ घातलीये, फ्री लीगचा इन्व्हिन्सिबल आहे, छोट्या टीम्सचे पण कितीतरी गेम बनतायत. नवीन सुपरहिरो गेम हातात आला की मी पॉवर्सची यादी सोडून आधी हेच शोधते, की न लढणाऱ्या माणसाबद्दल यात एक तरी नियम आहे का.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार होता. मुख्य डिझाइनर म्हणाली की प्रत्येक सेशनला कोणीतरी मरणार असेल तर लोक थकतील, शिवाय काहींना असलं काही टेबलवर नकोच असतं, आणि ते त्यांचं म्हणणं रास्त आहे. यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ठरलं की शून्य म्हणजे काय हे टेबलने सेशनच्या आधीच ठरवायचं: अडकले, जखमी झाले, की गेले. कोणालाही मधेच थांबवता आलं पाहिजे, एक्स-कार्डचं (नको असलेला प्रसंग थांबवायला कोणीही दाखवायचं कार्ड) पान मसुद्यात आहेच, ते आता या नियमाच्या शेजारी येईल. शीटवर चौकट आली, पोशाखाच्या वर्णनाची जागा थोडी कमी करून. आणि पॉवर्सच्या यादीतून काही पानं काढली, यावर अजूनही सगळे खूश नाहीत.

नवीन मसुद्याच्या पहिल्या टेस्टमध्ये एकाने वेगाने धावणारा हिरो आणला आणि एका राउंडमध्ये सगळे फासे उचलले. पूल, बस, केबिन, सगळीकडे तोच, बाकीचे तिघं बघत बसले. म्हणजे आधी डॅमेजचं जे झालं होतं तेच आता वाचवण्याचं. सध्याचा तोडगा असा आहे की प्रत्येक फाशाला एक गरज जोडायची: इथे ताकद लागेल, इथे समजूत काढावी लागेल, इथे कोणाला तरी जागेवर थांबून राहावं लागेल. वेगाने नुसतं पोचता येतं, वाकलेलं दार उघडता येत नाही आणि रडणाऱ्या माणसाचा हात सोडून पुढे पळता येत नाही. पण जीएमला प्रत्येक वेळी गरजा ठरवत बसायला लागलं तर सीन रेंगाळतो, म्हणून आता तयार गरजांचा एक तक्ता करतोय, फासा टाकायचा आणि समोर येईल ती गरज घ्यायची. पुढच्या फेरीत मी मुद्दाम प्रत्येक टेबलवर एक धावणारा हिरो देणार आहे.